खोक्याचं लाकूड

परळला आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला. ताबा मिळायच्या आधीच वडिलांनी मला बजावलं, "ते टेबल नव्या घरात न्यायचं नाही."

टेबल त्यांनीच केलेलं. ते गिरणीत सुतार होते. यंत्रांचे सुटे भाग देवदारी खोक्यांतून यायचे. मी पाचवीत गेले तेव्हा साहेबांना विचारून त्यांनी खोक्यांच्या फळ्या घरी आणल्या आणि मला अभ्यासाला टेबल केलं. वर हिरवा ऑइलपेंट. चौदा एप्रिलच्या जयंतीला घर रंगवलं की टेबलावरही एक हात फिरायचा. त्याच्यावरच मी दहावी केली, पुढे वकिलीही. टाकवेना. वडिलांना न सांगता मी ते लालबागच्या एका मिस्त्रींकडे दिलं. म्हटलं, वडिलांनी केलेलं आहे, डुगडुगणारा पाय तेवढा बसवा.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, बाबांना घेऊन या."

वडील कुरकुरतच आले. मिस्त्रींनी सगळा रंग खरवडून वर रंधा मारला होता. दुकानात पाऊल टाकताच वास आला, गोडसर, थोडा राळेसारखा. इतकी वर्षं त्या टेबलाला मला फक्त रंगाचा वास येत होता.

"अस्सल देवदार. अजून वास देतंय," मिस्त्री म्हणाले. "आणि काका, सांध्यांत एक खिळा नाही. हे काम आता कोण करतं?"

वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "फळ्यांवर कंपनीची काळी अक्षरं होती. हिच्या मैत्रिणी घरी यायच्या. खोक्याचं टेबल म्हणून हसतील, म्हणून रंग दिला. नव्या घरातही लोक येणारच."

मला हे कधी कळलंच नव्हतं.

"बाबा, त्यांच्यापैकी एकीच्याही घरी टेबल नव्हतं. त्या आपल्याकडे अभ्यासाला का यायच्या, मग?"

ते एकदम हसले. वाकून त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि मिस्त्रींना म्हणाले, "इथे रंधा उलटा मारलायस. लाकडाच्या रेषा बघ, अशा जातात." मिस्त्रींनी रंधाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो रेषांच्या दिशेने मारला आणि लांब, सलग सालपट निघालं.

टेबल आता नव्या घरात खिडकीशी आहे, बिनरंगाचं. वडील त्यावर पेपर वाचतात. आणि दर मंगळवारी लालबागला जाऊन त्या मिस्त्रींच्या चुका काढतात.