ओटीवरचा कॉम्प्युटर

गेल्या वर्षी रेवदंड्याच्या घरी वायफाय जोडायला एक बाई आल्या होत्या. हेल्मेट काढून त्यांनी आधी गजरा नीट केला आणि मगच बॅग उघडली.

आई गेल्यापासून माझे वडील, नाना, मागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून असायचे. दुबईला माझ्या भाचीचं बारसं होतं. मोबाइलवर त्यांना नीट दिसत नसल्यामुळे ते मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं.

बाईंनी कॉम्प्युटरला डोंगल आणि कॅमेरा लावला. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ घेत होता, तेवढ्यात त्या त्याच्या डब्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पण जांभ्याच्या जाड भिंतींमुळे ओटीवरच्या वायफायचा सिग्नल मागच्या खोलीत पोचतच नव्हता.

"वायर ओढा," नाना म्हणाले. "मी इथून हलणार नाही."

"वायर ओढीन की," वायरचं भेंडोळं काढत बाई म्हणाल्या. "पन काका, इथं अंधार हाय. नातीला आजोबांचं तोंड दिसाया नको?"

नाना उठले. मग स्वतःच कीबोर्ड काखेत घेऊन ओटीवर निघाले. बाईंनी भेंडोळं निमूट बॅगेत ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसल्या.

बारशाला नाना इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर बसले. आवाज ऐकून शेजारणी जमल्या आणि पाळणा त्यांनीच इकडून म्हटला.

सगळं आटोपल्यावर मी कॉम्प्युटर आत न्यायला उठलो.

"राहू दे इथंच," नाना म्हणाले. "उद्या त्या सगळ्या पुन्हा येणार आहेत पोरीला बघायला."