निळे पडलेले मामा

माझ्या सासऱ्यांना विषबाधा झालेली नव्हती. ती झाली आहे असं मी त्यांना पटवून दिलं, आणि ही चूक सर्वस्वी माझीच.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका डेअरीत दूध तपासायचो. नमुन्यात थेंबभर निळा रंग टाकायचा, नळी कोमट पाण्यात ठेवायची. जंतू जितके जास्त, तितकी निळाई लवकर उडते. दूध नासायच्या आधीच त्याचं बिंग फुटतं! गडहिंग्लजहून सासरे आले, तेव्हा त्यांना ही विद्या दाखवायची मला सुरसुरी आली. सुमन, म्हणजे माझी बायको, त्यांना पेलाभर दूध देऊन देवळात गेली होती. डेअरीतून नळी आणि रंग मी घरी आणलेच होते. स्वयंपाकघरातल्या पातेल्यातलं दूध नळीत घेतलं, रंग टाकला, नळी कोमट पाण्यात ठेवली.

बघता बघता दूध पांढरंफटक! माझा चेहराही.

"मामा, तुम्ही दूध प्यालात?"

"प्यालो की. का?"

"पोटात काही होतंय?"

"अजून तर न्हाय."

त्या 'अजून'सरशी मी मिठाचा डबा गाठला. सुमनला काय सांगू? तुझे वडील आरतीपर्यंत होते? मी मिठाचं पाणी केलं, मामांची हनुवटी धरली आणि ओतलं. ते ओकले. मी तोंड पुसलं, पुन्हा ओतलं! गलका ऐकून शेजारचे पाटीलकाका आले आणि दारातच ओरडले, "आयला! पावणं निळं पडलं की!"

खरंच! ओठ निळे, हनुवटी निळी! मामांनी आरशात पाहिलं आणि खालीच बसले. "जावईबापू, सुमीला एकदा बघू द्या..."

काका रिक्षा आणायला धावले. मी अंबाबाईचा धावा करत मामांना वारा घालू लागलो (पेपरनं, पंखा आहे हे आठवलंच नाही). तेवढ्यात सुमन आली. सगळं ऐकून तिनं विचारलं, "कुठलं दूध तपासलंत?"

"झाकलेल्या पातेल्यातलं."

"अहो, त्याला मी विरजण लावलंय! बाबांना दिलं ते म्हशीच्या कट्ट्यावरनं, समोर धार काढून आणलेलं, ताजं."

म्हणजे मी दह्याचे जंतू पकडले होते!

"मग हे ओठ?" मी विचारलं.

तिनं माझा हात धरून माझ्याच डोळ्यांसमोर नाचवला. पाचही बोटं निळीशार.

मी मामांच्या पायाशी वाकलो. "मामा, चुकलो. माफ करा मला."

मामांनी पाय झटकन वर घेतले. "केलं की माफ! पर लांबनं! पाय तरी माझ्या रंगाचं राहू द्या!"

उरलेली माफी मी दोन्ही हात पाठीमागे धरून मागितली.