मोड आलेले मूग

दोन हजार तीनचा उन्हाळा जर्मनीत ज्यांनी काढला, त्यांना उकाड्याबद्दल वेगळं काही सांगायला नको. आम्ही येनामध्ये राहत होतो, जुन्या पूर्व जर्मनीच्या काळात बांधलेल्या एका उंच इमारतीत, पाचव्या मजल्यावर. घर थंडीसाठी बांधलेलं. एकदा आत शिरलेली ऊब बाहेर जायचं नाव घेत नसे. पंखा घ्यावा म्हणून मी गावाबाहेरच्या बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, गेले, तर तिथला माणूस माझ्याकडे बघून नुसता हसला. पंखे केव्हाच संपले होते. मी जळगावची. आमच्याकडे मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं, आणि छत्तीस डिग्रीला कुरकुरणाऱ्या माणसाला आम्ही नाजूक म्हणतो. त्या उन्हाळ्यात मी स्वतःच नाजूक झाले आणि त्याचा मला भयंकर राग आला.

राग यायला तशी मला फार कारणं लागत नाहीत. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, ते खरंच आहे. मला एका जागी बसवत नाही. दूध तापत असलं तरी मी तेवढ्यात दोन कपडे वाळत घालून येते, आणि दूध उतू जातं. त्यात त्या दिवसांत मी काम करायचे त्या इन्स्टिट्यूटच्या तळघरातली थंड हवेची यंत्रणा गळपटली होती. आमचा लेसर लाडावलेल्या जावयासारखा, खोली दोन डिग्री तापली की रुसून बसायचा. मोजमापं भरकटायची. प्रोफेसरांनी दुपारनंतर प्रयोगशाळा बंदच ठेवायला सांगितली. म्हणजे काम अडलेलं, घर तापलेलं, आणि मी खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालणारी.

घरात माझ्याबरोबर माझ्याच इन्स्टिट्यूटमधली एक चिनी बाई राहायची. वुहानची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. त्यांच्याकडेही मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, हे कळल्यावर मी तिला ताई म्हणायला लागले. तिला तो शब्द आवडला. आम्ही दोघी आपसात एक भयानक जर्मन बोलायचो, अर्धं इंग्रजीत बुडवलेलं, पण आमचं कधी काही अडलं नाही.

उन्हाळा चढला तशी ताईने रोज सकाळी एक पातेलं शेगडीवर चढवायला सुरुवात केली. त्यात अख्खे हिरवे मूग, भरपूर पाणी, आणि खडीसाखर. मूग फुटून त्यांची सालं मोकळी झाली की ती पातेलं उतरवायची, न्हाणीघरातल्या टबात गार पाण्यात ठेवायची आणि मग फ्रीजमध्ये. दुपारी त्याचं गोड, पातळ, हिरवट सूप आमच्या पुढ्यात यायचं. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं. मूग म्हणजे आमच्याकडे उसळ, नाही तर आजाऱ्याचं पथ्य. तापातून उठलेल्या माणसाला देतात ते मी धडधाकट असताना का खाऊ, असं मी तिला विचारलं.

"आल्झो," ती जर्मन माणसासारखी 'हे बघ' म्हणावं तशी म्हणाली, "तू स्वतःकडे बघितलंस का? तू धडधाकट नाहीस. तुझ्या अंगात आग आहे. मूग थंड असतात."

उष्ण आणि थंड. हे मला कोणी जर्मन भाषेत सांगेल असं कधी वाटलं नव्हतं. जर्मन माणसाला समजावून थकायला होतं की आंबा उष्ण का आणि काकडी थंड का, आणि ही बाई वुहानहून तेच ज्ञान घेऊन आली होती. मी मुकाट्याने वाटी उचलली.

त्या सूपची चव सांगणं अवघड आहे, कारण त्यात चव अशी फार नाहीच. मुगाचा मातकट वास, बेताची गोडी, तळाशी पिठूळ झालेले दाणे. पण गार घोट घशाखाली उतरला की डोक्यामागे घट्ट झालेलं काहीतरी सैल व्हायचं. आम्ही बाल्कनीत बसायचो, पाय पाण्याच्या बादलीत सोडून. खाली झाले नावाच्या नदीच्या काठी लोक गवतावर उघडे पडलेले असायचे. मला घाई असायची, दोन घोटांत वाटी रिकामी. ताई एकेक चमचा घ्यायची आणि म्हणायची की हे घाईने पिणाऱ्याला लागू पडत नाही. मी तिसरी वाटी मागायचे.

ताईला एक मुलगी होती, साडेचार वर्षांची. मुलगी दीड वर्षाची असताना ताई तिला आपल्या आईकडे ठेवून जर्मनीत आली होती. नवरा शेनझेनला नोकरीत. ताई दर रविवारी टेलिफोन कार्ड खरवडून फोन करायची. आजी बोलायची, खूप बोलायची, मग म्हणायची, थांब, आता बाळाला देते, आणि पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा. ताई त्या श्वासाशी पाच-पाच मिनिटं बोलत राहायची. मी स्वयंपाकघरात भांडी वाजवायचे, कारण मला ते ऐकवत नसे.

आणि आता ती मुलगी येणार होती. कागदपत्रं झाली, व्हिसा झाला, वुहानहून परतणारं ओळखीचं एक जोडपं तिला विमानातून घेऊन येणार होतं. ताईने आठवडाभर घर घासलं. ती माझ्याहून शांत बाई, पण त्या आठवड्यात तिने मला मागे टाकलं. रात्री उठून पडदे बदलायची. एकदा मला म्हणाली, "तिने मला ओळखलं नाही तर?"

"ओळखेल की. फोटो बघितलेत ना तिने," मी म्हणाले.

"फोटोतल्या बाईकडे कोणी झोपायला जातं का?"

ताईच्या आईने फोनवर एक उपाय सांगितला होता. पोरगी उन्हाळाभर दुपारी मुगाचं सूप मागते, त्याशिवाय झोपत नाही. आल्या आल्या ते दे, मग ती तुझी होईल. ताईने सगळी आशा त्या वाटीवर लावली. इतकी शिकलेली बाई, प्रकाशाचा वेग मोजणारी, पण त्या क्षणी तिला मुगाशिवाय काही सुचत नव्हतं. आणि मला हसू आलं नाही.

शनिवारी सकाळी ती फ्रँकफर्टला निघाली. विमान रविवारी पहाटे उतरणार होतं. निघताना मुगाची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आज रात्री भिजत घाल. उद्या आल्यावर मी शिजवीन. तू शिजवू नकोस."

तू शिजवू नकोस, हे मी नीट लक्षात ठेवलं. बाकी माझ्या स्वभावाने केलं. रात्रीची वाट कशाला बघायची म्हणून ती जिना उतरली तेवढ्यात मी मूग भिजत घातले, सगळे, मुलगी येतेय तर हात आखडता कशाला घ्यायचा. संध्याकाळी मूग टपोरे झाले. आता, भिजलेले मूग पाण्यात तसेच सोडून झोपायला जाणं जळगावच्या कुठल्याही बाईच्या हातून होणार नाही. मी ते उपसले, धुतले, मलमलच्या फडक्यात बांधले, गाठ घट्ट मारली आणि पुरचुंडी चाळणीत ठेवून वर ताट उपडं घातलं. यात मी एकदाही विचार केला नाही. हात आपोआप चालले. त्या उकाड्यात सकाळपर्यंत असे मोड आले की आईने पाहिले असते तर शेजारणींना बोलावून दाखवले असते. मीही खूश होते.

रविवारी अकराच्या सुमाराला दार वाजलं. ताईच्या मागे एक लहानशी मुलगी, कपाळावर सरळ कापलेले केस, पाठीवर सॅक. ती आत आली आणि चपलांच्या बाकड्यावर बसली. सॅक काढेना, बूट काढेना. ताईने पाणी पुढे केलं, तिने तोंड फिरवलं. गाडीतही तिने काही खाल्लं-प्यायलं नव्हतं, एक अक्षर बोलली नव्हती. रडलीही नव्हती, आणि तेच ताईला जास्त लागलं होतं. गाल उन्हाने लाल झालेले.

"मूग?" ताईने मला विचारलं.

मी अभिमानाने पुरचुंडी सोडली.

ताईने त्या पांढऱ्या शेपट्यांमधली एक चिमटीत उचलली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "हे उगवले." मग खुर्चीवर बसली. मोड आलेला मूग सूपमध्ये फुटत नाही, पिठूळ होत नाही, शेपट्या तेवढ्या दाताखाली येतात, हे तिने मला सावकाश समजावलं. जशी काही मीच लहान मुलगी होते.

त्यात दुष्काळात तेरावा महिना, रविवार. जर्मनीत रविवारी मूग कुठून आणणार? व्हिएतनामी माणसाचं दुकान बंद, सगळीच बंद. मी येनाच्याच लोबेडा भागात राहणाऱ्या एका मराठी जोडप्याला फोन लावला. बायको पुण्याची, जिभेवर साखर.

"मूग ना, आहेत की," ती म्हणाली. "कालच भिजवले, छान मोड आलेत. येतेस का न्यायला?"

मी आभार मानून फोन ठेवला. आपण सगळे एकाच फडक्यात बांधलेले लोक आहोत, असं मला वाटलं आणि अतिशय चीड आली.

मी स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होते. बाहेर बाकड्यावर मुलगी तशीच, तिच्यासमोर जमिनीवर ताई, दोघींमध्ये पाण्याचा ग्लास. मग मला कढण आठवलं. तापात आई मूग गाळ होईपर्यंत शिजवायची, घोटायची आणि फडक्यातून गाळून नुसतं पाणी द्यायची. गाळलं की शेपट्या मागे राहणार. मी ताईला न विचारता पातेलं चढवलं. मोडाचे मूग खूप वेळ शिजवले, लाकडी चमच्याने ठेचले, फडक्यात ओतले आणि हात भाजत पिळले. खाली उतरलं ते फिकट हिरवं, दाटसर पाणी. त्यात खडीसाखर विरघळवली. ताई दारात येऊन उभी राहिली. तिने चव घेतली. नंतर पातेलं टबात ठेवून ती टबातलं पाणी हाताने ढवळत बसली. गार व्हायला लागलेला तो वेळ माझ्याच्याने काढवेना. मी दोनदा जिना उतरून वर आले.

शेवटी ताईने वाटी भरली आणि बाकड्याशी नेली. मुलीने वास घेतला. सॅक पाठीवरच ठेवून तिने दोन्ही हातांनी वाटी धरली. एक घोट. मग चमच्याने तळ ढवळला, पुन्हा ढवळला, कपाळाला आठी घातली आणि वर बघून पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज घोगरा होता, आणि सुरात चक्क तक्रार.

काय म्हणाली ते ताईने नंतर मला शब्दशः सांगितलं. त्या वेळी मी फक्त दोघींचे चेहरे बघत होते.

"यात मूग नाहीत," मुलगी म्हणाली. "आजी असं करत नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "आजी मूग तळाशी ठेवते. मला पण तसंच द्यायची."

मुलीने चमचा थांबवला. "तुला कशाला?"

"ती माझी आई आहे म्हणून."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली, विमानतळापासून पहिल्यांदा. फोटोतली बाई, फोनमधला आवाज, आई म्हणून दाखवलेली कोणीतरी, यातलं काहीच तिला आजवर पटलं नसावं. हे मात्र तिने मनात नीट लावून पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे तू पण आजीची?"

ताईने होकारार्थी मान हलवली. मुलीने खांद्यावरून सॅकचा एक पट्टा काढला, मग दुसरा, आणि बाकड्यावर थोडी सरकून तिला बसायला जागा करून दिली.