वहीतली तिसरी तक्रार

दिनांक ९ फेब्रुवारी, शुक्रवार. बिल क्रमांक ४१७, रक्कम दोनशे पंचेचाळीस रुपये. मागवले होते ते असे: अर्धी भाजलेली कोंबडी, तळलेले बटाटे आणि लोणी लावलेले दोन पाव. घरी येऊन पिशवी सोडली तर आत भाज्यांचे सूप, एक उकडलेला बटाटा आणि कोरडा टोस्ट.

दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर मी फोन करून दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. पण ती पिशवी बांधणारा माणूस माझा साडू होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान. पिशवी हातात देताना ते म्हणाले होते, "साडूसाहेब, आडवी धरू नका, सांडेल." कोंबडी कशी सांडेल, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता.

हे साडू सव्वीस वर्षे एका सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीत बसले. खिडकी म्हणजे भिंतीत हात जाईल एवढे भोक. आतून त्यांना माणसाचा चेहरासुद्धा धड दिसत नसे, पण हात पाहून ते माणूस ओळखत. नेहमीच्या माणसाला कुठली जागा, हे त्यांनी कधी विचारले नाही. शिंपीणबाईंना कडेची, कारण त्यांना मध्येच उठून जावे लागे. बँकेतल्या जोडप्याला मागची कोपऱ्याची दोन, आणि लग्नानंतर दोन वर्षांनी पुढची मधली तीन. माणसे तिकीट न बघताच आत जात. ही गोष्ट मी आमच्या नात्यातल्या प्रत्येक कार्यात ऐकली आहे. दर वेळी सगळे हसतात, आणि माझी बायको सगळ्यांत जास्त हसते.

मी चौतीस वर्षे हिशेब खात्यात आहे. निवृत्तीला सव्वा वर्ष उरले आहे. माझ्या नोकरीतली एकही गोष्ट कोणी कधी कार्यात सांगायला लावली नाही.

सिनेमागृह बंद पडले आणि तिथे फरशांचे गोदाम झाले. साडूंना ना पेन्शन, ना दुसरे काम. चौदा महिने ते घरात बसून होते. ताई तेव्हा माझ्या बायकोला सांगत, "अगं, हल्ली ते भिंतीशी बोलतात. भिंत उत्तर देत नाही म्हणून तिच्यावरच चिडतात." मग आमच्या बसथांब्याजवळच्या खाणावळीत डबे भरायचे काम मिळाले. तिथे बसून खायची सोय नाही, लोक पिशवी घेऊन घरी जातात. महिनाभरात साडूंचा आवाज परत आला. आणि जुनी सवयही आली. मालकीणबाई फोनवर मागणी घेऊन चिठ्ठी खिळ्याला टोचतात. साडू चिठ्ठीवरचे नाव वाचतात, पुढचे वाचत नाहीत. हा माणूस रोज काय नेतो ते त्यांना पाठ असते, आणि तेच भरतात.

शंभरातले अठ्ठ्याण्णव खूश होतात. उरलेल्या दोघांसाठी गल्ल्याशेजारी दोरीला एक वही टांगलेली आहे. एका महिन्यात तीन तक्रारी लिहून आल्या की डबे भरणारा माणूस बदलायचा, असा मालकीणबाईंचा नियम आहे. आधीच्या दोघांना त्यांनी असेच घरी पाठवले होते. फेब्रुवारीत दोन लिहून झाल्या होत्या. औषधवाल्याकडे पाहुणे आले म्हणून त्याने आठ पाव सांगितले, साडूंनी नेहमीचे दोन दिले. शिकवणीच्या बाईंनी एकदा हौसेने तिखट मागवले, त्यांना नेहमीचे अळणी मिळाले. महिना संपायला एकोणीस दिवस होते.

तिसरी तक्रार लिहायची की नाही, हे आता माझ्या हातात होते.

त्या दिवशी आमच्याकडे ऑडिट संपले होते. माझ्या पुस्तकांत एकही चूक निघाली नाही. ऑडिटर "ठीक आहे" म्हणून गेले. साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. बायको ताईंकडे गेलेली होती, म्हणून म्हटले, आज आपणच आपला सत्कार करू. त्या सत्काराचे सूप झाले होते.

साडेआठला बायको आली. टेबलावरचा वाडगा बघून म्हणाली, "अगंबाई, सूप? शहाण्यासारखं वागलात."

"मी नाही वागलो. तुझे भाऊजी वागले. मी कोंबडी मागवली होती."

ती खुर्चीत बसून हसायला लागली. "बरोबर आहे त्यांचं. मीच सांगितलंय त्यांना, यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, तेलकट देत जाऊ नका."

"तू माझं कोलेस्टेरॉल गल्ल्यावर सांगतेस?"

"गल्ल्यावर कशाला? ताईच्या घरी सांगितलं. ते विचारत होते, साडूसाहेब का उतरल्यासारखे दिसतात म्हणून."

"मला नाही विचारलं."

"तुम्हाला विचारलं तर तुम्ही काय सांगता? 'ठीक आहे'."

मी वाडगा सरकवला. म्हटले, "मी उद्या वहीत लिहिणार आहे. पैसे दिलेत मी."

तिचे हसणे थांबले. वहीत आधीच दोन आहेत हे तिला माझ्याही आधी ठाऊक होते. "लिहा," ती म्हणाली. "हक्क आहे तुमचा. पण नंतर ताईला तुम्हीच जाऊन सांगायचं. मी येणार नाही सोबत." आणि तो वाडगा उचलून, गरम करून, तिनेच प्यायला. "भाऊजींच्या हाताला चव आहे हं," असेही म्हणाली. सूप आचारी करतो, ते फक्त झाकण लावतात. पण हे तिला कोण सांगणार?

खरे सांगायचे तर राग कोंबडीचा नव्हता. सासूबाई शेवटच्या आजारात दवाखान्यात होत्या तेव्हा फॉर्म मी भरले, रक्ताच्या बाटल्यांसाठी मी धावलो, डॉक्टरांशी मी बोललो. साडू संध्याकाळी येऊन उशाशी बसत आणि जुन्या सिनेमांच्या गोष्टी सांगत. त्याही अर्ध्या, कारण खिडकीत बसणाऱ्या माणसाने शेवट कधी पाहिलेलाच नव्हता. सासूबाई दारात माझी चाहूल लागली की विचारत, "थोरले जावई आले का?" मी म्हणत असे, "येतीलच." हा हिशेब मी कुठल्याच पुस्तकात धरला नाही, पण तो माझ्याजवळ आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस. मी बिल खिशात घालून थेट खाणावळीत गेलो. दुपारची गर्दी होती. साडू पांढरी टोपी घालून डबे भरत होते. एक बाई रांगेत उभी राहते न राहते तोच तिची पिशवी पुढे आली. "आज लिंबू जास्त घातलंय, घसा बसलाय ना तुमचा," साडू म्हणाले. ती हरखून गेली. घसा बसला आहे हे तिने अजून कोणाला सांगितलेही नसावे, कारण ती बोललीच नव्हती.

ते पाहून माझा हात वहीकडे गेला. तारीख घातली. बिल क्रमांक लिहिला. "मागवले" असे लिहून पुढे तीन जिन्नस लिहिले.

"लिहा, लिहा," साडू डब्याचे झाकण दाबत म्हणाले. "तुमचं अक्षर छान आहे. मागच्या दोघांचं बाईंना लागलंच नाही, मलाच वाचून दाखवावं लागलं."

रांगेतले दोघे हसले.

"तुम्ही चिठ्ठी वाचली होती का?" मी विचारले.

"आता तुमची चिठ्ठी वाचायला लागलो, तर साडू कसला मी?"

"मला कोंबडी हवी होती."

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. "हो? मग चुकलंच माझं," असे म्हणाले, आणि हळू आवाजात, "लिहा तुम्ही. घरी हिला मी सांगतो." टोपी काढून परत घातली. मग हात पुसून पुढच्या डब्याकडे नेला. सव्वीस वर्षे भोकातून दिसणारा हात तो.

मालकीणबाई गल्ल्यावरून बघत होत्या. पेन माझ्या हातात होते. मी पुढचे सगळे डोळ्यांसमोर मांडून पाहिले, आम्ही ताळेबंद मांडतो तसे. यांची नोकरी जाणार. ताई रडणार. माझी बायको रोज संध्याकाळी तिकडे जाणार, किंवा त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावणार. ते माझ्या टेबलाशी बसून खाणावळीतल्या गोष्टी सांगणार, आणि मी लिहिलेली तक्रार हीच त्यांची सगळ्यांत चांगली गोष्ट होणार. मला दोष न देता सांगणार. प्रत्येक कार्यात. लोक हसतील आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवतील. नोकरी गेली की ते आणखी मोठे होणार होते आणि मी उरलो होतो तेवढाही राहणार नव्हतो.

मी "मिळाले" हा शब्द लिहिला नाही. त्या जागी लिहिले: "प्रत्येक डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवावी आणि डबा देताना मोठ्याने वाचावी."

मालकीणबाईंनी वही ओढून वाचली. "ही तक्रार धरू का?"

साडू माझ्याकडे बघत नव्हते. ते रिकाम्या डब्यांची चळत सरळ करत होते, आणि ती आधीच सरळ होती.

"नाही," मी म्हणालो. "सूचना आहे."

"सूचनेला वेगळं पान हवं," त्या म्हणाल्या, पण पुढे काही लिहिले नाही. कालची कोंबडी त्यांनी आज भरून द्यायला सांगितली. साडूंनी चष्मा लावला, डबा भरला, झाकणावर चिठ्ठी चिकटवली आणि शाळेतल्या मुलासारखे मोठ्याने वाचले, "अर्धी कोंबडी, तळलेले बटाटे, लोणी लावलेले पाव दोन." रांगेतल्या सगळ्यांना कळले मी काय खाणार आहे ते. संध्याकाळपर्यंत बायकोलाही कळणार होते.

मग बायकोसाठी म्हणून मी एक सूप वाढवले. ते सत्तर रुपयांचे होते. मी भांडायला निघालो होतो, खरेदीला नाही, त्यामुळे खिशात बसभाडे सोडून अठ्ठावन्नच निघाले. मी सूप परत ठेवायला सांगणार, तोच साडूंनी ॲप्रनच्या खिशातून नाणी काढून गल्ल्यावर ठेवली.

"राहू द्या, साडूसाहेब. सोमवारी द्या."

त्या सोमवाराला आता पाच आठवडे झाले. साडू तिथेच कामाला आहेत, चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात, आणि ते वाचणे ऐकायलाच काही लोक येतात, असे बायको सांगते. मी हल्ली पलीकडच्या थांब्यावर उतरतो. त्यांचे बारा रुपये मी अजून दिलेले नाहीत.