दोऱ्याला टांगलेला चेंडू

न्युरेम्बर्गच्या आमच्या घरमालकांकडे चहाला जायचं, तर आधी हात साबणाने धुऊन, पुसून, उलटसुलट करून दाखवावे लागत. माझ्या बोटांवर हळद दिसली की म्हणत, "फ्राऊ जोशी, पुन्हा एकदा!" कारण चहानंतर ते बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची जुनी कार्डं काढत. आम्ही नवरा-बायको आपसात त्यांना 'हातधुवे आजोबा' म्हणायचो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत ही कार्डं सिगारेटच्या पाकिटातून निघत. आजोबा अमेरिकेला कधी गेलेच नव्हते. युद्ध संपलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते, आणि एका अमेरिकन सैनिकाने खिशातलं एक जुनं कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं होतं. तेवढ्यावर हे सगळं वेड.

त्या कार्डावर एक मिशाळ खेळाडू झेल घेताना दिसतो. आजोबा भिंग पुढे करत. "चेंडूच्या वर बघा." नीट पाहिलं की बारीक दोरा दिसायचा. त्या काळी फोटोसाठी स्तब्ध उभं राहावं लागे, म्हणून स्टुडिओत चेंडू चक्क टांगत. "आल्झो, तर मग, इतिहास पुस्तकात नंतर, आधी या दोऱ्यात," असं ते दरवेळी सांगत आणि दरवेळी स्वतःच खूश होत. मी जन्माची क्रिकेटवाली, पण त्या दोऱ्यापायी मीही जुने नियम आणि उघड्या हातांनी झेल घेणारे खेळाडू शोधत बसू लागले.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि आजोबांचं वृद्धाश्रमात जायचं ठरलं. मुलाने सगळा संग्रह लिलावात काढला. कार्डं स्कॅन करून आणायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसात स्कॅनरशेजारीच लॅमिनेशनचं मशीन होतं. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून जे जपायचं ते लॅमिनेट करायचं, ही माझी अक्कल. सैनिकाने दिलेलं ते पहिलं कार्ड मी मोठ्या मायेने लॅमिनेट करून आणलं.

मुलाने कपाळावर हात मारला. "वाट लावलीत! हे प्लास्टिक आता निघायचं नाही, असं कार्ड कोण घेणार?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबा बराच वेळ प्लास्टिकवरून अंगठा फिरवत राहिले.

"म्हणजे हे विकलं जाणार नाही?" त्यांनी मुलाला विचारलं.

"नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले आणि कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं.

आजोबा गेल्यावर मुलाने ते मला पाठवलं. शेवटपर्यंत खिशातच होतं, असं त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं. आता त्याला हळद लागली तरी फडक्याने पुसता येईल. तरी ते हातात घेण्याआधी मी हात धुते, आणि मग पुन्हा एकदा धुते.