थोरल्या जाऊची पूजा

दुपारचं जेवण झालं की आमचं संग्रहालय थोडा वेळ बंद असतं, आणि दारूकोठारात एवढा गारवा असतो की पाठ टेकली की डोळे मिटतातच. वेळदुर्गाच्या तोफांची दारू पूर्वी इथे ठेवायचे. आता काचेच्या कपाटांत तोफगोळे, तलवारी आणि गलबतांच्या प्रतिकृती आहेत, आणि कपाटांच्या मागे माझी चटई. आज खंडेनवमी. डोक्याला एवढा घोर असताना खरं तर झोप येऊ नये, पण भिंतीपलीकडे लाटा आपटत राहतात आणि माझं अंग सैल पडत जातं.

घोर काय तो सांगते. समुद्राकडच्या बुरुजावर पंचधातूची मोठी तोफ आहे. गावच्या बायका तिला थोरली जाऊ म्हणतात, कारण ती एरवी गप्प असते, पण एकदा बोलली की सगळ्या गावाला ऐकावंच लागायचं म्हणे. दर खंडेनवमीला बायका तिला हळदकुंकू लावतात, लिंबू पिळतात. यंदा शहरातून धातूचे जाणकार आले, तोफ साफ केली आणि सांगून गेले की लिंबाच्या आंबटानं हिला खड्डे पडायला लागलेत, यापुढे काहीही लावायचं नाही. त्यांचं बरोबर आहे. खड्ड्यांत मी स्वतः बोट घालून पाहिलंय. पण संग्रहालयाची देखरेख माझ्याकडे, आणि मी याच गावची. ऊन कललं की बायका ताटं घेऊन येणार. त्यांना दारातून परत पाठवलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, आणि आत घेतलं तर तोफेचं वाटोळं.

“सरक जरा. आख्खं कोठार अडवून झोपलीयेस.”

द्वारकाआत्या माझ्या चटईवर टेकते. ही माझ्या बापाची थोरली बहीण. पूजा तीच करायची, बाकीच्या मागे उभ्या राहायच्या. चैत्रात गेली. मला ते चांगलं ठाऊक आहे, पण आत्ता त्याचं काही वाटत नाही. वाटतो तो नुसता आनंद, आणि तोही असा की मी लहान मुलीसारखी तिच्या मांडीवर डोकं ठेवते. हिरव्या लुगड्याला उन्हाचा वास येतोय.

ती आधी गावाची चौकशी करते. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची होडी विकली. मग तिच्या तेराव्याचा विषय काढते. वडे कमी पडले हे तिला कोणीतरी जाऊन सांगितलंय, आणि ती भावाची चांगलीच खरडपट्टी काढते. मी म्हणते, तुझ्यावर माणसांचा लोभच एवढा की वडे कुठून पुरणार. त्यावर ती खूश होते.

“चल, जाऊबाईंना भेटू,” ती म्हणते आणि उठते.

शेवटी शेवटी हिला खुर्चीत बसवून बुरुजावर न्यावं लागायचं. आता ती पायऱ्या दडादडा चढतेय आणि मीच धापा टाकत मागे. वरच्या पायरीनंतर बुरूज येत नाही, आत्याचं स्वयंपाकघर येतं. चुलीवर भाताचं आधण, फडताळात डबे, आणि चुलीशेजारी थोरली जाऊ आडवी पडलेली, दुपारी बाईमाणूस आडवं होतं तशी. मागच्या दाराबाहेर परसू नाही, सरळ समुद्र आहे. आत्याला यातलं काहीच वावगं वाटत नाही. ती आधणाखालचा जाळ सारखा करते.

मी तिला सगळं सांगते. खड्डे, जाणकार, बायका. ती तोफेजवळ वाकून बघते, डागावरून तळवा फिरवते.

“हे मी केलं?”

मी तिचं बोट धरून एका खड्ड्यात घालते.

“म्हणजे एवढी वर्षं मी पूजा करतेय म्हणून समजत होते, आणि हिला खरूज लावत होते.” आणि तिला असं हसू फुटतं की तोफेवर डोकं टेकून हसते. मलाही आवरत नाही. चुलीवरचं झाकणसुद्धा थडथड करतं.

मी डोळे पुसत विचारते, मग आज काय करू ते सांग. पूजा मोडली असं कोणाला वाटायला नको.

“मोडतेय कशाला? बायको माहेरी गेली की बाप्ये कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतात. देवाला ती बायको चालते. मग आपल्याला सुपारीची तोफ का नाही चालणार?” ती कनवटीतून एक सुपारी काढते, फडताळातल्या कुयरीतलं कुंकू बोटानं तिला लावते आणि सुपारी माझ्या मुठीत कोंबते. “हिला काय लावायचं ते लावा, लिंबं पिळा, न्हाऊ घाला. जाऊबाईंना नुसता नमस्कार करा.”

बायका ऐकतील का, मी विचारते. विशेषतः यंदा तुझ्या जागी पूजा करणाऱ्या शेवंतीवहिनी.

“ती नाहीच ऐकणार,” आत्या म्हणते आणि आधणात तांदूळ वैरते. मागच्या दारातून पाणी आत येतंय, घोट्यांना गार लागतंय, आणि ती पाठमोरी गुणगुणतेय.

“हेमा, ए हेमा. उघडतेस ना दार?”

ऊन कललंय. मी उठते, केस सारखे करते, कोठाराचं दार उघडते. बाहेर सगळ्याजणी नव्या साड्यांत उभ्या, पुढे शेवंतीवहिनी पाट आणि ताट घेऊन. त्या बजावतात की नियमबियम कानावर आलेत, पण आम्ही पूजा केल्याशिवाय हलणार नाही.

मी मूठ उघडते. तळव्यावर सुपारी आहे, आणि तिच्यावरचं कुंकू अजून ओलं आहे. आत्याची युक्ती मी कशीबशी सांगते.

वहिनी सुपारी उचलून उन्हात धरतात. गोल टिळा नाही, आडवी चिरी आहे, आणि उजवीकडे जरा वर गेलेली. त्या बराच वेळ बघत राहतात. मागच्या बायकाही माना पुढे काढतात.

“अशी चिरी द्वारकाआत्याच ओढायच्या,” वहिनी म्हणतात, आणि पाट मांडायला बुरुजाकडे निघतात.