करेक्ट माणसाची बायको

करेक्ट हा शब्द आमच्या घरात गोऱ्या साहेबानं आणला. आमचे हे बडनेऱ्याला तिकीटखिडकीवर बाबू होते. तपासणीला आलेला साहेब जाताना म्हणाला, बाबू फार करेक्ट आहे. झालं. तेव्हापासून थेट अमरावतीपर्यंत जो भेटेल तो मला ऐकवायचा, "बाई, नशीब काढलं तुमी. माणूस कसा करेक्ट हाय." म्हणजे लाच खात नाही, खोटं बोलत नाही, वेळेला चुकत नाही. खरंच होतं ते. मी कुठं नाही म्हणते? पण अशा माणसाचा संसार करून पाहा म्हणावं. वरणात मीठ कमी पडलं तरी ते 'करेक्ट नाही'. ऐकून ऐकून जीव विटला होता माझा.

एका संध्याकाळी माझ्या माहेरचा, अकोल्याचा एक माळी दारात आला. अमरावतीच्या बाजाराला चालला होता, बडनेऱ्याला गाडी बदलताना निरोप द्यायला थांबला. म्हणाला, "बाई, मायचं काई खरं नाही. सारखं तुह्यंच नाव घेऊन राहिली." मी तव्यावरची भाकर तशीच टाकून स्टेशनात धावले. अकोल्याकडच्या गाडीचा सिग्नल पडला होता. सिग्नल पडला की खिडकी बंद, असा नियम. जाळीमागं हेच बसले होते.

"अवो, अकोल्याचं तिकीट द्या. मायचं लय जास्त झालं."

"खिडकी बंद झाली. सकाळच्या गाडीनं जाय."

"मंग बिनतिकिटाची चढते."

"ते तर चालतच नाही. नियम पहिले घरच्याले लागते."

गाडी आली. इंजिनानं निवांत पाणी घेतलं, लोक चढले, उतरले, आणि मी जाळी धरून उभी. संताप आला, रडू आलं, पण चार लोकांत नवऱ्याशी भांडायचं कसं? गाडी निघून गेली.

सकाळी मी पोचले तोवर आईची वाचा गेली होती. तिची नजर माझ्यावरून फिरायची, पण थांबायची नाही. मी कानाशी लागून सांगत राहिले, "माय, मी आली व." काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी हे आले, रीतसर रजा मंजूर करून घेऊन. दारात जावई उभा दिसला तसा आईचा हात हलला. आम्हाला काही कळायच्या आत तिनं पदर ओढून डोक्यावर घेतला.

मला मात्र तिनं शेवटपर्यंत ओळखलं नाही.